वाडीत गेला की आऊट

माझ्या बॅटिंगबद्दल परदेशातले समालोचक फार चांगलं बोलायचे. चेंडू जमिनीवर ठेवते, मोह टाळते, काय शिस्त आहे बघा. एकदा तर एका माजी खेळाडूबाईंनी माझ्या सरळ फटक्याचं चित्र टीव्हीवर चार वेळा मागेपुढे केलं आणि सांगितलं, की असं खेळायला लहानपणीच फार चांगला गुरू भेटावा लागतो. मी हॉटेलच्या खोलीत चहा पीत होते, मला ठसका लागला. लहानपणी मला भेटले होते ते शेजारचे आबा, आणि त्यांना क्रिकेटचा मनापासून तिटकारा होता.

आमचं गाव श्रीवर्धनच्या अलीकडे, समुद्राला लागून. घरं रस्त्याच्या बाजूला आणि घरांच्या मागे लांबच लांब सुपारीच्या वाड्या, थेट किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनापर्यंत. आमची आणि आबांची वाडी शेजारीशेजारी. मधून एक पाखाडी समुद्राकडे उतरते, म्हणजे दोन्ही बाजूंना जांभ्याच्या चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आणि मधे बैलगाडी जेमतेम जाईल एवढी वाट. आमच्या वाडीला वाडी म्हणायचं ते वडिलांचा मान राखायला. आबांची मात्र आळीतली सगळ्यात मोठी, आणि इतकी नीट की पडलेलं झावळं दुपारपर्यंत पडलेलं राहायचं नाही. आमचं क्रिकेट चालायचं ते या पाखाडीत. समुद्रावर का नाही खेळलात, असं मला पुण्याचे पत्रकार विचारतात. त्यांना वाटतं समुद्र म्हणजे मैदान. समुद्रावर भरती असते, घोडागाड्या असतात, आणि बाकीच्या वेळी ऊन असतं. पाखाडीत दिवसभर पोफळींची, म्हणजे सुपारीच्या झाडांची, सावली.

पाखाडीत नियम एकच, आणि तो आबांनी घातलेला. चेंडू वाडीत गेला की आऊट.

आबांचं म्हणणं अगदी साधं होतं. चेंडू लागून हिरवी सुपारी पडली की ती फुकट गेली. पोफळीवर चढवलेले मिरीचे वेल तुटतात. शिंपण्याच्या पाटात चेंडू अडकला की पाणी भलतीकडे जातं. म्हणून आऊट तर आऊटच, वर ज्यानं मारला त्यानं स्वतः आत जायचं, आबांच्या पुढ्यात उभं राहायचं आणि टोपलीभर पडीची सुपारी वेचून द्यायची. मग चेंडू परत. ओरडणं नाही, कान पिळणं नाही. "टोपली तिथे आहे," एवढंच म्हणायचे आणि पानाला चुना लावत बसायचे. वाडीत लाल मुंग्या अशा की आळीतले मुलगे एकदोनदा जाऊन आले आणि पुढे चेंडूवर पाणी सोडायला लागले. मला ती चैन परवडणारी नव्हती. माझे वडील हायस्कुलात गणित शिकवायचे. महिन्याला एक चेंडू असा त्यांनी हिशोब घालून दिला होता, आणि गणिताच्या मास्तरांच्या घरात हिशोबाला सूट नसते.

तेव्हा मी जमिनीवरून मारायला शिकले. कोणी शिकवलं नाही, मुंग्यांनी शिकवलं. पाखाडीच्या रुंदीत धावा मिळायच्या तर एकच जागा, बॉलरच्या दोन्ही अंगांनी सरळ. बॅट वाकडी गेली की चेंडू गडग्याला लागून परत माझ्याच पायाशी. वर उचलला की टोपली. सहा-सात वर्षं रोज संध्याकाळी असं खेळल्यावर माणूस सरळच खेळतो, त्यात शिस्त कसली. मुलगे कंटाळायचे. त्यांना मी आऊटच होत नाही हा अन्याय वाटायचा. शेवटी त्यांनी ठराव केला की हिनं दिवे लागायच्या आत बॅट दुसऱ्याला द्यायची.

जिल्ह्याच्या निवडीचा सामना अलिबागला होता. वडील रजा टाकून माझ्याबरोबर आले. खरं मैदान मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एवढं मोकळं, गडगा नाही, झाड नाही, आणि कडेला नुसती पांढरी दोरी. माझी बॅटिंग आली, तो कोरा लाल चेंडू बॅटच्या नेमक्या जागी बसला आणि मला काही कळायच्या आत दोरीपलीकडे जाऊन पडला. सिक्स. टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली, बॅट काखेत मारली आणि तंबूकडे चालायला लागले.

अर्ध्यावर गेले असेन. अंपायर हाका मारतोय, समोरची मुलगी हसून खाली बसलीय, आणि वडील दोरीपाशी येऊन कळवळून सांगतायत, "अगं, परत फिर. इथे तसं नाही." मी परत फिरले. पण खरं सांगायचं तर मला त्यांचं पटलं नव्हतं. चेंडू कोणाच्या तरी हद्दीत गेला आणि लोक टाळ्या वाजवतात, हे काही बरं लक्षण नाही असंच मला वाटलं. त्या दिवशी मी नंतर एकही चेंडू उचलून मारला नाही, आणि निवड झाली. निवड करणारे म्हणाले, "एकदाच चुकली, पण लगेच सावरली."

पुढचं सगळं रीतसर झालं. जिल्हा, मग राज्य, मग एका सरकारी खात्यात नोकरी, मग एके दिवशी भारताची निळी जर्सी. आईनं ती हातात घेऊन शिवण उलटून बघितली आणि म्हणाली, कापड चांगलं आहे, पण काखेत उसवेल. मी तिसऱ्या नंबरला यायचे आणि डाव धरून ठेवायचे. त्या वेळी बायकांचे सामने टीव्हीवर क्वचितच दाखवायचे, त्यामुळे मी काय करते हे गावात कोणाला नीट माहीत नव्हतं. इंग्लंडहून परत आले की लोक विचारायचे, "पगारी रजा मिळते ना?" मिळते म्हटल्यावर त्यांना माझं कौतुक वाटायचं.

मग सामने टीव्हीवर यायला लागले आणि गावानं सत्कार ठरवला. देवळाच्या सभामंडपात कार्यक्रम, फ्लेक्सवर माझा फोटो माझ्या डोक्यापेक्षा तिप्पट मोठा. भाषण करणाऱ्यांनी इतिहासातल्या एकूण एक शूर स्त्रिया रांगेत उभ्या केल्या आणि रांगेच्या शेवटी मला. त्यानंतर एकानं उभं राहून, अगदी आपुलकीनं, मी खऱ्या टीममध्ये कधी खेळणार असं विचारलं. अध्यक्षपदी वयोमानाप्रमाणे आबा. ते उठले, शाल माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाले, "हिच्या खेळाचं श्रेय माझ्या वाडीला आहे." सगळा मंडप हसला. आबा हसले नाहीत, मीही नाही. त्या मंडपात खरं बोललेला तो एकटाच माणूस होता.

माझी अशी दहाएक वर्षं सुखात गेली. मग क्रिकेटला घाई झाली. वीस षटकांचे सामने वाढले, दोऱ्या आत आल्या, आणि निवड समितीच्या बैठकीत धावांपेक्षा त्या किती चेंडूंत केल्या याची चौकशी सुरू झाली. आमच्या टीमला नवा प्रशिक्षक आला. हसतमुख, दंड बॅटपेक्षा जाड. त्यानं लॅपटॉपवर एक वर्तुळ दाखवलं. त्यात माझे सगळे फटके रेघांनी काढलेले होते.

"एकही हवेत नाही," तो म्हणाला. "का?"

"हवेत गेला की आऊट असतो," मी म्हटलं.

मी विनोद केला असं वाटून तो बराच वेळ हसला. मग गंभीर झाला आणि म्हणाला, की विश्वचषकाच्या आधी एक शिबिर होईल. तोपर्यंत तू दोरीपलीकडे मारायला शिकलीस तर संघात आहेस. नाहीतर तुझ्याबद्दल आम्हाला फार आदर आहे. खेळाडूला आदर आहे म्हणून सांगितलं की तिनं समजून घ्यायचं असतं. मला तो विश्वचषक हवा होता. वय पस्तिशीकडे झुकलं होतं, पुढचा मला मिळणार नव्हता, आणि आधीच्या दोन्हींत ऐन वेळी दुखापत होऊन मी बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या नेल्या होत्या. मैदानात उतरून एक तरी विश्वचषक खेळायचा, एवढीच माझी इच्छा उरली होती, आणि ती मी कोणाजवळ बोलत नव्हते.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. टायर बडवले, वजनं उचलली, जड बॅटी फिरवल्या. ताकद आली. पण चेंडू समोर आला की अगदी शेवटच्या क्षणी मनगट आपोआप वळायचं आणि बॅट चेंडूवर झाकण घालायची. डोकं म्हणायचं मार, हात म्हणायचे टोपली. मानसतज्ज्ञ बाईंनी मला डोळे मिटून माझी भीती डोळ्यांसमोर आणायला सांगितली. मला पानाला चुना लावणारे आबा दिसले. हे मी त्यांना सांगितलं नाही, त्या बिचाऱ्यांनी खूप वर्षं अभ्यास केला होता.

तेवढ्यात टाळेबंदी आली आणि सगळं जग घरी बसलं. शिबिर पुढे गेलं, विश्वचषक पुढे गेला, मी गावी आले. आणि जूनच्या सुरुवातीला वादळ आलं.

वादळाबद्दल मला फार लिहिता येत नाही. सकाळी वारा सुटला आणि दुपारी आम्ही तिघं, आई, वडील आणि मी, माजघरात भिंतीला टेकून बसलो होतो. वरचे पत्रे एकेक करून जात होते. बाहेरून पोफळी मोडल्याचे आवाज येत होते, एक संपायच्या आत दुसरा. सगळं थांबल्यावर मी मागचं दार उघडलं तर दाराबाहेर उजेड होता. जन्मात त्या दाराबाहेर कधी एवढा उजेड नव्हता. आमची वाडी गेली होती आणि गडग्यापलीकडे आबांची वाडी होती तिथून सरळ समुद्र दिसत होता.

आबा त्यांच्या मागल्या पायरीवर बसले होते. बाजूला त्यांचा गडी उभा होता, जो जन्मभर त्या पोफळींवर चढला होता. मला बघून तो म्हणाला, "ताई, आता चढायचं कशावर? सगली वाडी झोपली हाय." आबांच्या आजोबांनी लावलेली झाडं होती त्यात. मी आबांच्या शेजारी बसून राहिले.

पाऊसभर गावात करवतींचा आवाज होता. आडवी खोडं कापायची, ओढायची, रस्त्याकडेला रचायची. वीज आली ती कधीतरी उशिरा. दिवाळीनंतर जमीन वाळली तेव्हा आबांची वाडी एक मोठं उघडं मैदान झालं होतं, मधे मधे कापलेले बुंधे. शहरातली मैदानं अजून बंद होती. प्रशिक्षक आठवड्याला एकदा व्हिडिओवरून विचारायचा, हवेत गेला का? मी पाखाडीत वडिलांकडून चेंडू टाकून घ्यायचे, सवयीनं तिथेच, आणि सगळे चेंडू जमिनीवरून गडग्याच्या कडेनं जायचे. वडिलांचा खांदा साठी उलटलेला. ते तक्रार करत नव्हते, फक्त तेल लावत होते.

एका संध्याकाळी आबा गडग्याशी येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते.

"काय गो, ही बॅटिंग करत्येस की शिवणकाम?"

मी त्यांना सगळं सांगितलं. शिबिर, विश्वचषक, हवेतून मारता येत नाही. का येत नाही ते सांगितलं नाही, पण आबा काही वेडे नव्हते.

"इकडे ये," ते म्हणाले. "आत. माझ्या वाडीत उभी राहा आणि मार समुद्राकडे."

मी गडगा ओलांडून गेले. वडील चेंडू टाकायला लागले. पहिला जमिनीवरून गेला, दुसराही, तिसराही. मला स्वतःची लाज वाटत होती. आबा खुर्ची मागवून बसले आणि तिथूनच म्हणाले, "मार की. आता कोणाची सुपारी पडणार आहे?"

ते असं सहज बोलले, की मला ते सहन झालं नाही. पुढचा चेंडू मी कसा मारला मला आठवत नाही. तो उंच गेला, बुंध्यांवरून, पलीकडच्या कुंपणावरून, सुरूच्या उरलेल्या बनात.

"आऊट," आबा म्हणाले.

मग आबांनी हातातलं पान खाली ठेवलं, मान हलवली आणि हळूच म्हणाले, "नाही, नाही. चालेल." मी तिथेच उभी राहून रडले. वडील दुसरा चेंडू शोधायच्या निमित्तानं पिशवीत डोकं घालून बसले.

त्यानंतर मी रोज मारलं. दौरे सुरू झाले, मी नुसती बाकावर बसत होते, पण जेव्हा जेव्हा घरी यायचे तेव्हा संध्याकाळी आबांच्या वाडीत. आबा खुर्चीत बसून निकाल द्यायचे. त्यांना क्रिकेटमधलं काहीही कळत नव्हतं, पण अंतर बरोबर कळायचं. "हा आमच्या रामफळाच्या बुंध्यापर्यंत आला. हा विहिरीच्या पुढे." विहिरीच्या पुढचा म्हणजे मैदानावर सिक्स, असा आम्ही मेळ घातला होता.

पुढच्या जूनमध्ये आळीत लावणी सुरू झाली. सुपारीच्या रोपांना सावली लागते, म्हणून आधी केळी लावतात आणि केळीच्या आडोशाला रोपं. ज्याच्या त्याच्या वाडीत केळीचे कंद आले, खड्डे पडले. आमच्याही वाडीत वडिलांनी दोन ओळी लावल्या. आबांची वाडी तशीच उघडी. मी विचारलं तर म्हणाले, कंद चांगले मिळाले नाहीत. पुन्हा विचारलं तर म्हणाले, जमिनीला एक वर्ष विश्रांती हवी. लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्यानं हाय खाल्ली. मलाही तसंच वाटलं, आणि वाईट वाटलं. पण पावसाच्या उघडिपीत मी तिथे मारत राहिले, कारण शिबिर गणपतीआधी लागणार होतं.

शिबिरात मी मारलं, अगदी मनासारखं मारलं. पहिल्या सराव सामन्यात चेंडू दोन वेळा स्टँडमध्ये गेला आणि बरोबरच्या मुली उभ्या राहून ओरडल्या. मी तंबूकडे चालायला लागले नाही. ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तो जाड दंडांचा प्रशिक्षक मात्र तिथे नव्हता. मधल्या काळात संघ एका दौऱ्यात सलग हरला होता, दर सामन्यात वरच्या फळीतल्या सगळ्याजणी हवेत मारून बाद, आणि त्याला जावं लागलं होतं. नवा प्रशिक्षक चष्मा लावणारा आणि हळू बोलणारा होता.

यादी आली त्यात माझं नाव नव्हतं. मी कारण विचारायला गेले. विचारू नये असा शिरस्ता आहे, पण मी गेले.

"तुझ्याबद्दल आम्हाला फार आदर आहे," तो म्हणाला.

"ते कळलं."

"मारणाऱ्या आमच्याकडे सात जणी आहेत, आणि सगळ्या तुझ्याहून लहान. आम्हाला कमी होती ती डाव धरून ठेवणारीची. चेंडू जमिनीवर ठेवणारी. तुझे जुने सामने बघून मी तुला शिबिराला बोलावलं." त्यानं चष्मा काढला. "पण तू आता सगळंच हवेत मारतेस."

मला हसू आलं, आणि थांबेना. तो मनापासून म्हणाला, की एवढ्या खिलाडूवृत्तीनं नकार पचवणारी खेळाडू त्यानं पाहिली नाही. मी त्याचे आभार मानून खोलीत आले, आणि मग मात्र मी हसत नव्हते.

घरी जाताना म्हसळ्याला एसटी चहाला थांबली. टपरीवाल्यानं ओळखलं. "ताई, लिस्टमध्ये तुमचं नाव न्हाय दिसलं," म्हणाला. नाही, म्हटलं. त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. निवड झाली होती तेव्हा घेतले होते.

घरी पोचले तर पाऊस भुरभुरत होता. आईनं आमटी वाढताना पळीभर जास्त वाढली. दुपारी आबांची सून मागल्या दारानं आली. मी तिला वहिनी म्हणते. ती म्हणाली, जरा गोठ्यामागे ये, दाखवायचं आहे.

गोठ्यामागे पत्र्याखाली सुपारीची रोपं होती. काळ्या पिशव्यांमधली, ओळीनं मांडलेली. बरीचशी वाळून गेली होती. जी जगली होती त्यांची मुळं पिशव्या फाडून खालच्या मातीत शिरली होती.

"आबांनी यंदाच्या जूनच्या आधीच आणली," वहिनी म्हणाली. "कंदही आणले होते, ते कुजले. तुला सांगायचं नाही म्हणून आम्हा सगळ्यांना दम भरला होता. ती मारत्ये तोवर वाडी मोकळी ठेवायची, म्हणाले. मी म्हटलं, अहो, तुमचं वय काय, एक वर्ष घालवताय. तर माझ्याशीच चार दिवस अबोला."

मी त्या पिशव्यांकडे बघत उभी राहिले. पंचाहत्तरी कधीच मागे टाकलेला माणूस. ज्या झाडाला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात ते झाड त्यानं लावणीचा सगळा पाऊस पिशवीत अडवून ठेवलं, मला चेंडू उंच मारता यावा म्हणून. आणि मी तो मारला, आणि त्यासाठीच मला काढलं. असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कोणावर काढायचा हे कळत नव्हतं.

आबा वाडीकडच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते.

"नाही घेतलं म्हणे."

"नाही घेतलं, आबा."

"का?"

"हवेतून फार मारते म्हणून."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करत नाही हे लक्षात आल्यावर समुद्राकडे बघत राहिले. त्यांचा जबडा हलत होता पण तोंडात पान नव्हतं. मग म्हणाले, "पुढल्या वर्षी परत निवडतील ना? चष्मेवाला जाईल, दुसरा येईल. मी मोकळी ठेवतो वाडी."

जागेला काही भाडं पडत नाही, ठेवायला काय हरकत, असे सहज बोलले. त्यांनी खरोखर ठेवली असती. अजून एक वर्ष, मी मागितली असती तर आणखी एक. मला पुढची निवड दिसली, पुढचा प्रशिक्षक दिसला, त्याचाही माझ्याबद्दलचा आदर दिसला. मी भिंतीला टेकवलेली कुदळ घेतली आणि वाडीत उतरले. मी बॅटिंगला उभी राहायचे तिथली जमीन पायांनी कडक झाली होती. तिथेच पहिला घाव घातला.

आबा ओरडतील असं वाटलं होतं. ते काठी टेकत चिखलातून माझ्यापर्यंत आले आणि खड्ड्यात डोकावून म्हणाले, "दोरी लावल्याशिवाय खड्डा खणतात का गो? ओळ वाकडी गेली तर जन्मभर वाकडी दिसेल." मी जाऊन दोरी आणली. गड्यानं खुंट्या मारल्या. नवरात्रापर्यंत पाऊस टिकतो, तोवर रुजतील असा आबांचा हिशोब होता. वहिनी जगलेली रोपं मुळं सोडवून एकेक आणून देत होती, आमच्या वडिलांनी त्यांच्या ओळीतल्या केळी कंदासकट काढून दिल्या, आणि आबा प्रत्येक खड्ड्याला नाव ठेवत होते. हा उथळ, हा अरुंद, ह्यात काय मांजर पुरायचंय.

चारपाच रोपं लागल्यावर ते दमले आणि गडग्यावर टेकले.

"धरायला सहा-सात वर्षं," ते म्हणाले. "मी काय बघत नाही."

"असं काय बोलता आबा."

"बोलायचं काय त्यात. पाण्याचं विचारतोय. मुलगा मुंबईला, सुनेला घरचंच पुरतं, गडी माझ्याएवढाच म्हातारा. उन्हाळ्यात दोन दिवस चुकलं तरी रोप जातं." त्यांनी काठीनं समोरच्या रोपाची माती दाबली. "तू असशील ना इथे?"

गेली पंधरा-वीस वर्षं मला जो भेटेल तो एकच विचारत आला होता, आता पुढे कुठे, आता निघणार कधी. इथे असशील का, असं कोणी विचारलं नव्हतं. हात चिखलाचे होते, त्यामुळे डोळे पुसता येईनात.

"असेन," मी म्हटलं.

आबांनी मान हलवली आणि वहिनीला पुढचं रोप आणायला सांगितलं. मी निवृत्त झाले ती अशी. क्रिकेट मंडळाला पुढच्या आठवड्यात कळवलं.